उजनीचं पाणी कुणी विकायचं, कुणाला आणि कोणत्या मापाने?

पाणी विकायचं म्हणलं की आपल्याकडं लोकांच्या कपाळाला आठ्या पडतेत. आमचे आण्णा (चुलते) म्हणतेत की पाणी देवाचं, ते विकणारे आपण कोण, आणि मला ते मनापासून पटतं, पण उजनीचं पाणी आज विकलं जातंयच की हो. शेतकरी पाणीपट्टी भरतो, महापालिका भरते, साखर कारखाने भरतेत, फताटेवाडीचा एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प पाइपने उजनीचं पाणी आणतो त्याचे पैसे लागतेत, आणि सोलापुरात ज्याच्या नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येतं तो मधल्या दिवसांत जार घेतो नाहीतर टँकर मागवतो. विकायचं का नाही हा प्रश्न कधीच मागं पडलाय. कुणी विकायचं, कुणाला, कोणत्या मापाने आणि पैसे कुणाकडं जायचे, एवढंच ठरायचं राहिलंय. आमच्या मायनरवर (कालव्याच्या छोट्या फाट्यावर) सध्या पाणी वापर संस्था काढायची चर्चा जोरात आहे, त्या निमित्ताने बरंच वाचलं, जाणत्या माणसांशी बोललो, आणि जे समजलं ते इथं लिहून ठेवतोय. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी धरणाचा हिशेब बघू. उजनी भीमेवर, माढा तालुक्यात, १९८० ला पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसी, ऐकून वाटतं केवढं पाणी, पण त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेल्या तळातल्या पाण्यात जातं आणि उपयुक्त म्हणून हातात राहतं ते ५३.५७ टीएमसी. पेपरात "उजनी उणे ३० टक्के" वगैरे बातम्या येतेत त्या यामुळेच, शून्य टक्के झालं तरी धरणात पाणी दिसतंय पण उपयुक्त साठा संपलेला असतो आणि मृतसाठ्याला हात लागलेला असतो. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलं नाही आणि २०२४ च्या जूनपर्यंत ते उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं. एकदा असं उणेत खोल गेलं की कालव्याला पाणी चढत नाही, टेलचा (कालव्याच्या शेवटच्या टोकाचा) माणूस सगळ्यात आधी मरतो, बॅकवॉटरला मोटारी टाकलेला माणूस मात्र पाइप आत आत सरकवत पाणी ओढत राहतो, आणि शहराला दुबार पंपिंग करावं लागतं. धरण एकच, पण कुणाचं पाणी आधी संपणार हे ज्याचा पाइप जिथं आहे त्यावर ठरतं, आणि पाणी विकायच्या कोणत्याही पद्धतीकडं बघताना मी हे पहिलं बघतो, की टंचाईच्या साली ही पद्धत टेलच्या माणसाला काय देते.

आता मापाचं. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी लिटर. रानातल्या भाषेत सांगायचं तर एक क्यूसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी एक तास चाललं की एका एकरात साधारण एक इंच पाणी उभं राहतं. हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे कारण त्यातून सगळे हिशेब निघतेत. उसाला पाटपाण्याने वर्षाला ८० इंच धरा, तर एका टीएमसीत जेमतेम ३,४०० एकर ऊस निघतो. तेच पाणी मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीला तीन पाळ्यांत मिळून १० इंच दिलं तर २७ हजार एकर रान भिजतं. कालव्यातली गळती दोन्हीकडं सोडून दिलीय, ती धरली तर दोन्ही आकडे खाली येतील. मी उसाच्या विरोधात नाही, आमच्या घरातली लग्नं आणि शिक्षणं उसाच्याच बिलावर झालीत, पण पाणी कमी असताना कोण किती पितंय हे माहीत तर पाहिजे ना.

शहराचंही असंच बघा. सोलापुरात १० लाख माणसं धरली आणि माणशी रोज १३५ लिटर दिलं तर वर्षाला पावणेदोन टीएमसी लागतं. समांतर जलवाहिनी जी आहे ११० किलोमीटरची, १७० एमएलडीची (रोज १७ कोटी लिटरची), ती वर्षभर पूर्ण दाबाने चालवली तरी वर्षाला २.२ टीएमसी उचलते. आणि आपण इतकी वर्षं काय करत आलो, तर शहरासाठी भीमेतून पाणी उचलणाऱ्या टाकळीच्या पंपहाऊससाठी औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायचे म्हणून नदीतून पाणी सोडायचं, एका वेळेला पाच-सहा टीएमसी, ते पण वर्षातून अनेकदा. नळाला येतंय त्याच्या कितीतरी पट पाणी नदीतच संपतं. म्हणून शहराला पाणी पाइपनेच विकलं पाहिजे यात मला काडीचीही शंका वाटत नाही. आत किती शिरलं, बाहेर किती आलं, दोन्हीकडं मीटर बसतो, गळती कुठं झाली ते कळतं, बिल करता येतं.

पण इथं एक गोष्ट लोक बोलत नाहीत. नदीत सोडलेलं ते पाणी सगळंच काही वाया जात नव्हतं. पंढरपूरपासून खाली भीमाकाठची गावं, त्यांच्या पिण्याच्या योजना, कोल्हापुरी बंधारे, काठावरच्या विहिरी, सगळ्यांना त्या सोडलेल्या पाण्यावर जगायची सवय झालीय, आणि पलीकडं कर्नाटकाच्या काठालाही ते मिळतं. कागदावर "शहराला पिण्यासाठी" असं लिहून अर्धं पाणी शेतीला जायचं, पाणी सोडलं की नदीकाठची वीज बंद करायची, लोक रात्री इंजिन लावायचे, हा खेळ सगळ्या जिल्ह्याला माहिती आहे. पाइपलाइन झाली म्हणून एका वर्षात नदी कोरडी ठेवली तर या गावांची वाट लागेल. माझं म्हणणं असं की नदीसाठी वेगळं आवर्तन (धरणातून पाणी सोडायची पाळी) ठरवा, त्याला नदीचं आवर्तन असंच नाव द्या, काठावरच्या मोटारींची नोंद करा आणि त्यांच्याकडून पाणीपट्टी घ्या. शहराच्या नावावर ते पाणी खर्ची टाकत राहिलो तर शहर उगाच बदनाम होतंय आणि काठावरचा शेतकरी कायम चोर ठरतोय.

कालव्याकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त पाणी तिकडंच जातं. आज पद्धत अशी आहे की नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा, पीक किती एकर ते लिहायचं, आणि हंगाम, पीक, क्षेत्र बघून पाणीपट्टी लागते. खरिपाला कमी, रब्बीला त्याहून जास्त, उन्हाळ्यात सगळ्यात जास्त. ऐकायला बरं वाटतं, पण यात पाणी किती घेतलं याचा संबंधच येत नाही. एका एकराला तुम्ही तीन इंच दिलं काय आणि सात इंच दिलं काय, पैसे तेवढेच. मग हेडचा (कालव्याच्या तोंडाकडचा) माणूस रात्री दारं उघडी ठेवून झोपतो आणि सकाळी पाणी बांधावरून ओढ्याला लागलेलं असतं, आणि त्यात त्याला दोष तरी काय द्यायचा, जास्त घेतलं म्हणून त्याला भुर्दंड बसत नाही आणि कमी घेतलं म्हणून पुढच्या पाळीला त्याच्या नावावर काही शिल्लक राहत नाही. आवर्तन कधी सुटणार हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची कालवा सल्लागार समिती ठरवते, शेजपाळीचा (कुणाला कधी पाणी त्या क्रमाचा) कार्यक्रम लागतो, पण आमच्या टेलला पाणी पोचेपर्यंत पाळी बंद व्हायची वेळ आलेली असते. आमचं रान मोहोळ तालुक्यात डाव्या कालव्याच्या एका मायनरच्या अगदी शेवटी आहे म्हणून हे जवळून बघतोय.

मायनरच्या तोंडाशी पाणी मोजायची जागा असते, फ्ल्यूम म्हणतेत त्याला. सिमेंटचा पाट मध्येच गळ्यासारखा अरुंद केलेला असतो आणि कडेला गेजची पट्टी. पाणी पट्टीवर किती चढलं ते वाचायचं, तक्त्यात बघायचं, की किती क्यूसेक चाललंय ते कळतं. यंत्र नाही, वीज नाही, बिघडायला काही नाही. आमच्याकडच्या फ्ल्यूमची अवस्था अशी आहे की पट्टीवरचा रंग पार गेलाय, खालचे आकडे गाळात बुडालेत, एका बाजूची भिंत खचलीय आणि त्या भगदाडातून पाणी बाहेरनं वळसा घालून पुढं जातं. पट्टी अमुक दाखवते आणि खरं पाणी तमुक चाललेलं असतं. कारखान्याने काटा न लावता नजरेने उसाचं टनेज ठरवलं तर आपण गेटवर आंदोलन करू, आणि इथं तीन पिढ्या नजरेनेच पाणी घेतोय आणि देतोय.

म्हणून सगळे पर्याय बघितल्यावर मला पाणी वापर संस्थेचा मार्ग सगळ्यात जवळचा वाटतो. २००५ ला दोन कायदे झाले, एक शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाचा आणि दुसरा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. पहिल्या कायद्याने मायनरवरचे शेतकरी मिळून संस्था काढू शकतेत आणि मायनरच्या तोंडाशी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी विकत घेऊ शकतेत. आत वाटप कसं करायचं, कोणतं पीक घ्यायचं, सभासदाकडून किती पट्टी घ्यायची हे संस्थेनं ठरवायचं. मला यातली पीक स्वातंत्र्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण कोटा ठरलेला असला की वाचवलेलं पाणी आपलंच राहतं, ठिबक केलं तर उरलेल्या पाण्यात आणखी दोन एकर ज्वारी नाहीतर हरभरा निघतो, वाचवणाऱ्याच्या हातात लगेच काहीतरी पडतं. आजच्या पद्धतीत पाणी वाचवलं तर ते शेजाऱ्याच्या उसाला जातं.

नाशिक जिल्ह्यात ओझरकडं आणि दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावर हे झालेलं आहे. बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी १९९० च्या सुमाराला टेलच्या शेतकऱ्यांना घेऊन सुरुवात केली, हळूहळू वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रावर संस्था झाल्या आणि पुढं त्या संस्थांचा मिळून प्रकल्प पातळीचा संघ उभा राहिला, जो अख्ख्या प्रकल्पाचं पाणी सांभाळतो. सुरुवात टेलपासून झाली हे मला सगळ्यात आवडलं. हेडच्या माणसाला संस्थेची गरज वाटत नाही, त्याला पाणी मिळतंयच. आता कुणी म्हणेल वाघाड उजनीपुढं चिमुकलं धरण आहे आणि तिथं द्राक्षं, इथं ऊस. बरोबर आहे. पण संस्था धरणावर नसते, मायनरवर असते, आणि मायनर इथली काय आणि तिथली काय, पाच-सहाशे एकराचा मामला असतो.

संस्थेवरही माझा आक्षेप आहे. संस्थेत हक्क जमिनीवर मिळतो. ज्याचं रान जास्त त्याला पाणी जास्त, आणि ज्याला रानच नाही त्याला शून्य. या बाबतीत पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली ती आजही सगळ्यांच्या पुढं आहे असं मला वाटतं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. हे मी आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, आपल्याकडं ऊस बंद म्हणलास तर बैठकीला चहा प्यायला पण कुणी यायचं नाही." मी म्हणलं, "आण्णा, ऊस बंद करू नका, पण कोट्यात बसेल तेवढाच लावा, मग कुणाचं काय जातंय?" यावर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "कोटा कोण मोजणार ते आधी सांग." परत सगळं फ्ल्यूमवरच येतंय.

आता खरी विक्री, म्हणजे हक्काची खरेदी-विक्री. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा केलाय, आणि दुष्काळात भातवाल्या शेतकऱ्यांनी आपलं त्या सालचं पाणी फळबागावाल्यांना विकलं, भाताचं एक पीक गेलं पण वर्षानुवर्षांच्या बागा वाचल्या. सांगोल्यात डाळिंबाची बाग टँकरने जगवणाऱ्या माणसाला हे ऐकून किती मोह होईल बघा. उसाचा एक खोडवा मोडून ते पाणी बागेला गेलं आणि उसवाल्याला त्याचे पैसे मिळाले, तर दोघांचं भलं. आपल्या प्राधिकरणाच्या कायद्यातही हंगामापुरता किंवा वर्षापुरता हक्क विकायची तरतूद आहेच. पण तिकडं एकूण पाणी उचलायची मर्यादा आधी घातली आणि मीटर बसवून ती राखली, मग बाजार भरला. आपण मीटर न बसवता बाजार भरवला तर जे पाणी कुणाच्या नावावरच नाही ते विकलं जाईल, ज्याची मोटार मोठी तो विकणारा आणि ज्याची थैली मोठी तो घेणारा. चिलीत १९८१ च्या कायद्याने पाण्याचे हक्क खुलेआम विकाऊ केले, तिथं काही खोऱ्यांत निर्यातीच्या बागा हिरव्या आणि शेजारची वस्ती टँकरवर अशी वेळ आली.

एकाच मायनरवर, फार तर एकाच वितरिकेवर (ज्यातून मायनर निघतेत त्या मोठ्या फाट्यावर), एका हंगामापुरती अदलाबदल आणि तीही संस्थेच्या वहीत लिहून, एवढ्याला माझी हरकत नाही. लाभक्षेत्राबाहेर, कारखान्याला किंवा बाटलीबंद पाणी विकणाऱ्याला कायमचा हक्क विकायला मात्र पूर्ण विरोध. रुपयाला एक लिटर धरलं तर एक टीएमसीचे २,८३२ कोटी रुपये होतेत. या भावापुढं ज्वारी काय टिकणार आणि ऊस तरी काय टिकणार.

ठेकेदाराला देऊन टाकायचा पर्याय पण अधूनमधून कुणीतरी काढतं. छत्तीसगडमध्ये दुर्गजवळ शिवनाथ नदीचा २३ किलोमीटरचा पट्टा १९९८ मध्ये एका खासगी कंपनीला २२ वर्षांच्या कराराने दिला होता, बोरईच्या औद्योगिक वसाहतीला पाणी पुरवायला. त्या करारात पाणी उचललं नाही तरी ठराविक पाण्याचे पैसे द्यायची अट होती, आणि काठावरच्या गावकऱ्यांना, मासेमारांना त्यांच्याच नदीत उतरायला मनाई झाली. एवढं वाचल्यावर मला तरी पुढं विचार करावासा वाटला नाही.

सरकारनेच विकायचं तर कसं विकतंय ते पण बघू. प्राधिकरण ठोक पाणीदर ठरवतं, शेतीला सगळ्यात कमी, घरगुतीला त्याहून जास्त, उद्योगाला कितीतरी जास्त, आणि बाटलीबंद पाणी, शीतपेयं यांना सगळ्यात वरचा दर. विचार ठीक आहे. गोम अशी की उद्योगाकडून पैसे जास्त मिळतेत म्हणल्यावर सिंचनाचं पाणी तिकडं वळवायचा मोह होतो. अप्पर वर्धाचं पाणी अमरावतीच्या औष्णिक वीज प्रकल्पाला दिलं तेव्हा विदर्भात केवढा गदारोळ झाला, आणि २०११ मध्ये कायदा बदलून कोणत्या क्षेत्राला किती पाणी हे ठरवायचा अधिकार मंत्रिमंडळाकडं घेतला. पुढं २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी द्यायचा आदेश निघाला, जिल्ह्यात आंदोलन पेटलं आणि आदेश रद्द झाला, ते सगळ्यांच्या लक्षात असेलच. पुण्याचं सांडपाणी उजनीत येतं म्हणून तेवढं पाणी इंदापूरला द्यावं असा तेव्हा तिकडचा युक्तिवाद होता. सांडपाणी येतंय हे खरंच आहे, भीमेतून मुळा-मुठेची घाण आमच्याकडं येते आणि ते पाणी आम्ही पितो, त्याचा हिशेब वेगळाच मागायला पाहिजे.

उद्योगाला पाणी विकायचंच असेल तर सोलापूरचं सांडपाणी नीट शुद्ध करून विकावं. शहरात १७० एमएलडी आलं तर त्यातलं बरंचसं गटारीने बाहेर पडणारच आहे, रोज, दुष्काळ असो की नसो. वीज प्रकल्पाला, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यांना ते चालण्यासारखं आहे, महापालिकेला उत्पन्न मिळेल आणि तेवढं धरणातलं पाणी सुटेल. मात्र सुटलेलं पाणी कुणाला मिळणार ते आधी लिहून घ्यायला पाहिजे, कारण वाचलेलं पाणी आपल्याकडं नेहमी नव्या उपसा योजनेच्या नारळासाठी वापरलं जातं आणि टेल तिथंच राहतो.

आमच्या मायनरवर काय ठरतंय ते सांगतो. परवाच्या बैठकीत निम्मे लोक म्हणत होते लगेच संस्था नोंदवून टाकू, नंतर दुरुस्ती करून घेऊ. मी आणि आणखी काही जण अडून बसलो की कालवा बंद असताना संयुक्त पाहणी होऊ दे, अधिकारी आणि शेतकरी दोघांनी तोंडापासून टेलपर्यंत चालत जायचं, प्रत्येक दार, प्रत्येक भगदाड लिहायचं, आणि दुरुस्ती झाल्यावर चाचणीचं पाणी सोडून टेलला किती क्यूसेक पोचतंय ते मोजायचं, मगच करारावर सह्या. नाहीतर मोडका पाट आणि थकबाकी दोन्ही आपल्या गळ्यात. आण्णांनी शेवटी एक अट घातली आणि ती सगळ्यांना मान्य झाली, की गेज वाचून वहीत लिहायचं काम हेडच्या माणसाकडं द्यायचं नाही, टेलच्या दोन पोरांनी आळीपाळीने सकाळ-संध्याकाळ जाऊन वाचायचं आणि आकडा तिथनंच ग्रुपवर टाकायचा. पाहणीचा अर्ज सोमवारी देतोय.